दिवसाला एक तांब्या खारं पाणी

पदमपुरा, छत्रपती संभाजीनगर
३ ऑगस्ट २०२४

नूरमोहम्मद यास,

पुंजाराम मास्तरचा नमस्कार. अक्षर ओळखलं असशीलच. शेहेचाळीस वर्षांनी लिहितो आहे, आणि लिहितो आहे माशांबद्दल. हसू आलं तर हसून घे.

पत्ता कन्नडच्या कडूबानं दिला, तुझ्या हिवताप खात्यातल्या. तू हैदराबादेत लेकीकडं, जहांआराकडं असतोस, डोळ्यांनी कमी दिसतं, पण दाढी अजून स्वतःच्या हातानं करतोस, असं तो सांगत होता. माझी न्हावी करतो. फार वर्षांपासून.

तर प्रश्न असा. गप्पी मासे खाऱ्या पाण्यात जगतात का? सहज विचारतो. सायकलच्या कॅरिअरला पाण्याचा डबा, डब्याच्या तोंडाला ओलं फडकं, असा तू दौलताबादपासून कन्नडच्या घाटापर्यंत विहिरी-बारवांत गप्पी सोडत फिरलास. तुझ्याइतकं हे दुसऱ्या कुणाला कळणार?

आमच्या मागच्या अंगणातला हौद आठवतो? त्र्याहत्तर साली त्यात तू ओंजळभर गप्पी सोडले होतेस. म्हणाला होतास, "मास्तर, हे लेकुरवाळं खटलं आहे, संपायचं नाही." ते संपलं नाही. दुष्काळात हौदात वीतभर पाणी उरलं तेव्हाही तेवढ्याशा पाण्यात त्यांचा संसार चालूच होता. आता मात्र आवडी हौद पाडते आहे. गाडी लावायला जागा हवी. घर आता लेकीच्या नावावर आहे, मी तिच्याकडं राहतो, तेव्हा माझं काही म्हणणं नाही. गणपती उठले की दुसऱ्या दिवशी माणसं येणार.

घरात एक काचेची मोठी टाकी आहे, आवडीच्या मुलाची. तो जर्मनीला गेला. टाकीत समुद्राचं पाणी आहे, म्हणजे पुड्यातलं मीठ घालून बनवलेलं. मे महिन्यात दीड दिवस वीज नव्हती, तेव्हा त्यातले रंगीत मासे गेले. तळाशी दगड आहेत, त्यांना तो जिवंत दगड म्हणतो. त्यांच्यासाठी पाणी बदलायचं नाही, अशी फोनवरून ताकीद आहे. तो दिवाळीला येईल. म्हणजे घरात पाणी आहे ते खारं आणि मासे आहेत ते गोडे.

माझी चतुराबाई दोन हजार नऊमध्ये गेली. कळवलं नव्हतं.

उत्तर माशांपुरतं दिलंस तरी चालेल. पत्ता जुन्या नावानं लिहिलास तरी पोस्टमन आणून देतो.

पुंजाराम


२० ऑगस्ट २०२४

नूर,

पत्र आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

सहज विचारतो, असं लिहिलं ते खोटं होतं. त्या पत्राच्या आदल्या दिवशीच मी पाच गप्पी गाळणीनं उचलून थेट टाकीत सोडले होते. मला वाटलं, मासा आहे, पाणी आहे, आणखी काय लागतं? दोन वर गेले, तोंडं उघडून तिथंच तरंगत राहिले. एक दगडाला अंग घाशीत होता. अर्ध्या तासात पाचही आडवे झाले. आवडी मागं येऊन उभी होती. म्हणाली, "बापू, लोणचंच घालायचं होतं तर कैरी आणली असती की."

मी हसलो. मग दुपारभर त्या टाकीसमोर बसून राहिलो.

टाकीत निळा दिवा आहे. पंपाची बारीक घरघर चालू असते. दुपारी आवडी जरा पडते, पडदे ओढलेले असतात, आणि अख्खी बैठक निळी होऊन जाते. अशा वेळी मला माझा बन्सी दिसतो. चेहरा दिसत नाही. एका पायावर भार टाकून उभं राहायची त्याची लकब तुला आठवत असेल, फळ्यासमोर उत्तर येत नसलं की राहायचा तसा, तेवढाच आकार त्या पाण्यात उभा असतो. पंपानं पाणी हललं की तोही हलतो. मी चष्मा काढतो, पुसतो, घालतो. आवडीला सांगितलेलं नाही. ती डॉक्टरकडं नेईल.

म्हणून त्या पाण्यात काहीतरी जिवंत हवं आहे मला. हे पहिल्याच पत्रात लिहायला पाहिजे होतं.

नूर, मी शहाऐंशीचा झालो आणि समुद्र अजून पाहिलेला नाही. छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. पुस्तकात दर्याची कविता आली की मी डोळे मिटून म्हणायचो आणि पोरांना वाटायचं मास्तर आत्ताच बंदरावरून येऊन हातपाय धुऊन वर्गात शिरले. स्नेहसंमेलनासाठी मी स्वतः रचलेलं गाणं तुला पाठ होतं:

लाट म्हणे मी येते, जाते,
काठ म्हणे मी वाट पाहतो.

बन्सी सात वर्षांचा असताना स्टेजवर म्हणाला होता. दुसऱ्या ओळीला हात पसरायचे होते, ते विसरला आणि तुझ्याकडं बघून हसला. तू पहिल्या रांगेत बसून हात पसरून दाखवत होतास.

त्याला बोटीवर धाडायचं माझ्या डोक्यात या गाण्यांतून शिरलं. तुझा मेहुणा फारूख मुंबईच्या गोदीत होता. मी तुझ्याकडं तीनदा आलो. तीनदा. पहिल्यांदा तू चहा पाजून विषय बदललास. दुसऱ्यांदा म्हणालास, "मास्तर, पोरगं विहिरीत उतरायला भितं, त्याला दर्या कशाला दाखवतो?" तिसऱ्यांदा मी चिडून म्हणालो, "तुला माझ्या पोराचं भलं बघवत नाही." मग तू फारूखला चिठ्ठी लिहिलीस.

हे गावात कुणाला माहीत नाही. गावाला माहीत आहे ते एवढंच की नूरमोहम्मदनं मास्तरच्या पोराला बोटीवर चढवलं.

पुंजाराम


६ सप्टेंबर २०२४

नूर,

तुझं कार्ड एक तारखेला मिळालं. अक्षर वाकडं झालं आहे, पण 'ळ' अजून तसाच काढतोस, मी शिकवलेला, पोटात जास्त हवा भरलेला.

कितीदा वाचलं ते विचारू नको. पुन्हा उतरवून काढतो, म्हणजे काही चुकलं असेल तर कळवता येईल:

"मास्तर, गप्पी मिठानं मरत नाही, घाईनं मरतो. बादलीत हौदाचं पाणी घे. दिवसाला एक तांब्या काढ, एक तांब्या टाकीतलं घाल. हळू घाल, धार नको. पंधरा दिवस. पहिल्या दिवशी खायला देऊ नको. गलफडं जोरात हलली तर त्या दिवशी थांब. नूरमोहम्मद."

माशांपुरतं उत्तर मागितलं होतं, तेवढंच दिलंस. तुझ्या खात्याच्या रजिस्टरातही तू असाच एक शब्द जास्त लिहीत नव्हतास.

दोन तारखेपासून सुरू केलं आहे. बारा मासे, सात माद्या, पाच नर. आज पाचवा तांब्या. मी एका हातानं तांब्या धरतो आणि दुसऱ्या हाताची करंगळी धारेखाली, म्हणजे पाणी बोटावरून ओघळत जातं. आवडी म्हणाली, "देवाला अभिषेक चाललाय का?" मग जरा थांबून म्हणाली, "हे कुणी शिकवलं?" मी म्हणालो, "पुस्तकात होतं." तिनं माझ्याकडं पाहिलं. कार्ड टेबलावरच पडलेलं होतं.

तुला माहीत नसेल, जहांआराच्या लग्नाचं निमंत्रण आलं तेव्हा आवडी दोन दिवस जेवली नव्हती. मी जाऊ दिलं नाही. एका पाटीवर लिहायला शिकलेल्या पोरी त्या. मी म्हणालो, "भावाला दिलेला शब्द मोडायचा का?"

भावाला दिलेला शब्द. तो कायगाव टोक्याला झाला. तू तिथं नव्हतास, तुला लोकांकडून कळलं असेल, म्हणून मी सांगतो.

देह मिळाला नव्हता. एडनच्या पुढं, पाय घसरून, एवढीच कंपनीची तार. पळसाच्या पानांचा पुतळा करून दिला अग्नी आणि दहाव्याला गोदावरीवर गेलो. पिंड ठेवला. कावळे समोर बाभळीवर बसलेले, आठ-दहा, पण एक खाली उतरेना. तासभर झाला. ज्याची इच्छा राहिली त्याच्या पिंडाला कावळा शिवत नाही. मग एकेक जण पुढं होऊन सांगू लागला. माझा चुलतभाऊ सांडू म्हणाला, "तुझ्या आईला सांभाळू." कुणी म्हणालं, "आवडीचं लग्न थाटानं करू." कावळा हलेना. ऊन चढलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी पुढं झालो आणि मोठ्यानं म्हणालो, "ज्यानं तुला दर्यावर धाडलं, त्याचं तोंड जन्मात पाहणार नाही."

कावळा उतरला. सगळ्यांनी पाहिलं.

मेलेल्या पोरानं साक्ष दिली म्हटल्यावर माणसं तुझ्या दारावरून जायची बंद झाली. तू वर्षभरात बदली मागून घेतलीस. तुझा डबा घेऊन दुसराच माणूस सायकलवर फिरायला लागला.

आज एवढंच. बादलीपाशी जायचं आहे.

पुंजाराम


१७ सप्टेंबर २०२४

नूर,

काल पंधरावा तांब्या झाला.

सकाळी क्रांती चौकाकडून लाउडस्पीकर ऐकू येत होता, मुक्तिसंग्रामाचा दिवस. संध्याकाळी गणपती जातील. दोन्हींच्या मधल्या दुपारी बसून लिहितो आहे. हे आज लिहिलं नाही तर मी लिहिणार नाही. मला माझी ओळख आहे.

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा आपण दहा वर्षांचे. पुढं शाळेत उर्दू जाऊन मराठी आली आणि मी तुझ्याकडून माझ्या कविता पाठ करून घेत तुला बाराखडी शिकवली, ते सगळ्यांना सांगत आलो. ॲक्शनच्या लगेच नंतरचे अकरा दिवस कधी सांगितले नाहीत. तुझे अब्बा, अम्मी आणि तू आमच्या धान्याच्या खोलीत. बाहेर आई सूप घेऊन दारातच बसलेली. सूडाला निघालेली माणसं येऊन विचारायची, आत कोण आहे? ती मान वर न करता म्हणायची, "कोन असनार? कुनी नाय." आणि पाखडत राहायची. तू आणि मी पोत्यांच्या आड एकमेकांचं तोंड दाबून धरलं होतं.

ती "कुनी नाय" म्हणाली आणि तुम्ही वाचलात.

तीस वर्षांनी तू माझ्या ओट्यावर आलास. तार येऊन चार दिवस झाले होते, दहावा व्हायचा होता. तू बसला नाहीस. खांबाला धरून उभा राहिलास आणि विचारलंस, "मास्तर, पोरानं तुला काही लिहिलं होतं का?" मी म्हणालो, "काही नाही."

लिहिलं होतं, नूर.

मरायच्या दोन महिने आधी. चार पानं. पाणी पोटात ठरत नाही, सात महिने झाले तरी ठरत नाही. रात्रपाळीला डेकवर जायची भीती वाटते. बाकीचे हसतात. शेवटी लिहिलं होतं, बापू, तुम्ही नुसतं ये म्हणा, मी पुढच्या बंदरात उतरतो.

मी ते पत्र चतुराबाईला वाचून दाखवताना दोन ओळी वाचल्या. मुलगा खुशाल आहे, मासे रोज खातो. आणि रात्री माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात उत्तर लिहिलं. त्यात धीर होता, दर्यावर्दी होते, शीड आणि वारा होता. पानभर कविता होती. सवय होईल, असं दोनदा लिहिलं होतं. 'ये' हा शब्द नव्हता.

दहाव्याच्या आदल्या दिवशी कंपनीनं त्याची पत्र्याची पेटी पाठवली. माझं पत्र सदऱ्याच्या खिशात होतं. फोडलेलं. घड्यांवर फाटायला आलेलं, म्हणजे कितीदा उघडलं असेल. चतुराबाई चुलीपाशी होती. ती यायच्या आत मी ते धोतरात खोचलं. नंतर चुलीत टाकलं.

पाय घसरला की नाही हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. मी रोज दोन्ही गोष्टी खऱ्या धरून पाहतो.

आता कावळ्याचं. लोकांनी ऐकलं ते मी मोठ्यानं बोललो ते. त्याच्या आधी मी पिंडापाशी वाकून, ओठांतल्या ओठांत म्हणालो होतो, "बन्सी, मी ये म्हणायला पाहिजे होतं रे." मी सरळ होत होतो तेवढ्यात कावळ्यानं फांदी सोडली होती. ते मी पाहिलं. तो निघाला होता, नूर. मग मी तुझ्यावरचं ते वाक्य मोठ्यानं बोललो, कारण सगळे माझ्याकडं बघत होते आणि का निघाला ते मला सांगायचं नव्हतं.

तेव्हापासून मी आरशात पाहिलेलं नाही. ज्यानं धाडलं त्याचं तोंड पाहणार नाही म्हणालो, ते मी पाळलं. तुझं तोंड तर फुकटच चुकवलं.

माफी मागायला हे लिहिलं नाही. तसं म्हणालो तर पुन्हा अक्षर सुंदर काढत बसेन. तुझ्या नावावरचं हे माझं आहे, ते मी परत घेतो आहे. आवडीला आज सांगणार. कायगावला त्या दिवशी असलेल्यांतले दोघे हयात आहेत, सांडू आणि कडूबा. त्यांनाही.

मासे बाराच्या सुमारास टाकीत सोडले. बारापैकी अकरा. एक नर दहाव्या दिवशी गेला, गलफडं जोरात हलत होती आणि मी थांबलो नाही. बाकीचे खाली दगडांपर्यंत जाऊन आले आणि मग पोहायला लागले. तासभर पाहिलं. पोहतायत.

मला वाटलं होतं आनंद होईल. पण नूर, हे होऊ शकत होतं. एवढंच करायचं होतं. दिवसाला एक तांब्या.

पुंजाराम


२ ऑक्टोबर २०२४

नूर,

आवडीला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती गणपतीचा पाट पुसत होती. सगळं ऐकेपर्यंत तोच पाट पुसत राहिली. मग म्हणाली, "आईला कळलं होतं?" मी म्हणालो, नाही. "मला वाटलंच होतं काहीतरी," म्हणाली आणि आत गेली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं, गोळ्या दिल्या, पण बोलली नाही. चौथ्या दिवशी मागच्या दारात फोनवर होती. पाडलेल्या हौदाच्या विटांवर बसून रडत होती आणि मध्येच हसत होती. मी ऐकायला गेलो नाही, पण 'जहां' एवढं ऐकू आलं.

कडूबाकडं फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मास्तर, मी नूरभाईचा पत्ता इतकी वर्षं खिशात घेऊन फिरलो. तुमी इचारलाच नाय."

सांडूकडं आवडीच्या गाडीतून गेलो. त्याला आता ऐकू कमी येतं. मी मोठ्यानं सगळं सांगितलं, शेजारचेही बाहेर आले, ते बरंच झालं. सांडूनं कानामागं हात धरून ऐकलं आणि म्हणाला, "कोन नूर? गप्पीवाला का? लई सोन्यासारखा मानूस. त्याच्याशी बोलत का नव्हता तुम्ही?" मग सुनेला म्हणाला, "मास्तरला चहा टाक." एका माणसाचं गाव सुटलं, आणि ज्यांच्यासमोर सुटलं ते विसरूनही गेले. मी चहा प्यालो.

काल तुझा लिफाफा आला.

आत बन्सीचं पत्र. त्याचं तुला लिहिलेलं, मला लिहिलं त्याच आठवड्यातलं. मला ठाऊकच नव्हतं की त्यानं तुलाही लिहिलं. "नूरचाचा, बापूंना लिहिलंय. त्यांचा काठ वाट पाहतो म्हणतो, तर बघू या. ते ये म्हणाले की उतरतो. तुम्ही त्यांना काही बोलू नका, त्यांच्या मनानं येऊ दे." अक्षर लाटेवर लिहिल्यासारखं, वरखाली.

म्हणजे तू खांबाला धरून उभा राहून विचारलंस तेव्हा तुला माहीत होतं. पत्र आलं होतं का हे तुला विचारायचं नव्हतंच. तू मला सांगायला जागा करून देत होतास. मी "काही नाही" म्हणालो, आणि तू माझ्याकडं एकदा पाहून ओटा उतरलास. पुढं सगळं गाव तुझ्यावर उलटलं तरी हे पत्र तू खिशातून काढलं नाहीस. चतुराबाईसाठी का? माझ्यासाठी? की त्यानं तुला बोलू नका म्हणून सांगितलं होतं, एवढ्यासाठीच? तू लिहिलेलं नाहीस आणि मी ते विचारत नाही.

लिफाफ्यात तुझी चिठ्ठीही होती. मी ती उलटीसुलटी करून पाहिली, मागं काही आहे का म्हणून. नव्हतं. एकच शब्द.

"ये."

इतका वेळ लागत नाही, नाही का? बसल्याजागी लिहून होतो. शाई म्हणावी तर थेंबभरही लागत नाही.

मंगळवारी सकाळी काचीगुड्याला उतरतो. आवडी बरोबर आहे. जहांआराला सांग, स्टेशनवर कुणी आलं नाही तरी आम्ही रिक्षा करू.

आज सकाळी टाकीत बारीक काहीतरी हललं. चष्मा लावून काचेजवळ गेलो. दगडाच्या फटीत पिल्लं आहेत, पापणीच्या केसाएवढी. सहा मोजली, मग मोजणं सोडलं. खाऱ्या पाण्यातच जन्मली, हौद त्यांना माहीतच नाही. त्यांच्यामागं काचेत एक म्हातारा होता. गालावर न्हाव्यानं सोडलेले केस, डोळे बन्सीसारखे. पंपानं पाणी हललं, तो हलला नाही. मी मागं सरकलो नाही. पिल्लं त्याच्या कपाळावरून पोहत गेली.

बरणीत चार गप्पी घेऊन येतो आहे, त्याच खाऱ्या पाण्यात. तुमच्याकडं अंगणात हौद आहे असं जहांआरा म्हणाली, गोड्या पाण्याचा. पंधरा दिवस राहायची तयारी करून येतो. दिवसाला एक तांब्या काढू, एक तांब्या घालू. तू सांग, मी धार धरतो.

एकदा खाऱ्यात गेलेलं परत गोड्यात आणता येतं का, हे तुझ्या कार्डात नव्हतं.

तुझा
पुंजाराम